कंट्रोलला लावलेलं आईचं रक्त

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. सिस्टरही नाही. उभी हयात रक्त तपासण्यात गेली, आधी नांदेडला, मग लातूरला, आणि तरी गल्लीतल्या बाया अजून विचारतात, "पंचशीलाताई, तुम्ही सुई टोचणाऱ्याच ना?" हो बाई, टोचणारीच. पण टोचल्यावर त्या रक्ताचं पुढं काय होतं, हे विचारायला आजवर एक माणूस आला नाही. रिपोर्ट हातात पडला की जो तो डॉक्टरांकडं पळतो.

या अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "ताई, जरा हलकंफुलकं लिहा, दिवाळी आहे." मी म्हटलं, हलकंफुलकं हवं असेल तर दुसरी कुणी बघा. मला एका भांडणाचं लिहायचंय. ते मी जिंकले, पण ते उभं राहिलं होतं निम्मं माझ्याच चुकीमुळं. दोन्ही लिहिणार. ते "बरं" म्हणाले. नाही म्हणाले असते तर मी फोन ठेवायच्याच बेतात होते.

भांडकुदळपणा माझ्यात घरातून आला. मुदखेडला माझे वडील रेल्वेत गँगमन होते. रोज रूळ तपासत चालायचे. एकदा साहेबानं एक ढिला बोल्ट "ठीक आहे" म्हणून लिहून टाकायला सांगितलं. वडील म्हणाले, "ढिला हाय म्हंजे ढिला हाय साहेब. तुम्ही लिवल्यानं तो आवळल्या जात न्हाई." त्यांची बदली झाली हिमायतनगरकडं. आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. मला मात्र ते लई आवडलं होतं.

नोकरीची सुरुवात नांदेडच्या एका रक्तपेढीत झाली. तिथं एकदा नायगावकडचे एक बडे शेतकरी आले. पोराचा मोटारसायकलवरून अपघात झालेला, रक्त तातडीनं हवं. मी पिशवी काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हळूच विचारलं, "बाई, हे रगत कुनाचं हाय?"

"ए पॉझिटिव्हचं."

"तसं न्हाई. मानूस कोन हाय?"

काय विचारून राहिलेत ते मला कळलं होतं. माझं नाव पंचशीला आहे, मला ते कळायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, "तुमच्या पोराला ओळखत नसताना सुद्धा हात पुढं करणारा माणूस आहे. नको असेल तर आणा इकडं, परत ठेवते." त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि जिन्यावरून असे गेले की विचारू नका. पोरगा वाचला. पिशवी कुणाची होती ते मी कधीच सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तर तुम्हालाही सांगणार नाही.

पुढं लातूरच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात मला 'फ्लो' नावाचं मशीन मिळालं. मिळालं म्हणजे सांभाळायला मिळालं. आता हे मशीन काय करतं ते सांगते, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बारीक नळीतून एकामागं एक, रांगेनं, लेझरच्या उजेडापुढून जातात. त्याआधी आम्ही त्यांना रंग लावतो. प्रत्येक पेशीच्या अंगावर निरनिराळ्या खुणा असतात आणि त्या खुणांना नंबर दिलेले आहेत. एकेका खुणेलाच चिकटणारा एकेक रंग छोट्या बाटलीत विकत मिळतो. बाटली फ्रिजमध्ये, अंधारात ठेवायची. पेशीवर खूण असेल तर रंग चिकटतो, उजेड पडला की चमकतो आणि मशीन मोजतं. खूण नसेल तर रंग धुऊन जातो. एवढंच.

आता पेशींचं. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, हे शाळेतलं पोरही सांगतं. पण त्या लढणाऱ्यांना आवरणाऱ्या पेशीही असतात, हे शिकलेल्यांनाही माहीत नसतं. त्या आवरणाऱ्या नसतील तर लढणाऱ्या पेशी घरच्यांवरच उठतात. आतड्यावर, कातडीवर, जिथं तिथं. आपलं ते आपलं म्हणून सोडून द्यायची अक्कल शरीराला सुद्धा कुणीतरी सतत द्यावी लागते. माणसांनाच लागते असं नाही.

आणि खरी मजा पुढंच आहे. पेशींना तोंड नसतं. त्या एकमेकींना रसायनाचे निरोप पाठवतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातला एक निरोप आयएल-टू नावाचा. तो सोडतात लढणाऱ्या पेशी, आणि त्याच्यावर जगतात आवरणाऱ्या. आवरणाऱ्यांना तो स्वतः बनवता येत नाही. म्हणजे लढाई पेटली की निरोप वाढतो, निरोप वाढला की आवरणाऱ्या जोमात येतात आणि लढाई शांत होते. भांडणाऱ्यांच्याच ताटात जेवून भांडण मिटवायचं! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातलं काम सोडून पाच मिनिटं नुसती बसून राहिले होते. हा निरोप पकडायला आवरणाऱ्या पेशींच्या अंगावर जी खूण लागते, ती पंचवीस नंबरची. ती नसेल तर निरोप दारावरून तसाच निघून जातो.

चार वर्षांपूर्वी देगलूरच्या पलीकडच्या एका खेड्यातून अंकिता नावाची मुलगी आमच्याकडं आली. वय दोन वर्षं, वजन सात-आठ महिन्यांच्या लेकराएवढं. अंगभर लाल चट्टे, आणि संडास थांबता थांबत नव्हती. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. तिची आई सावित्रा, बावीस-तेवीस वर्षांची, बारावी शिकलेली. ती लेकराला कडेवरून खाली ठेवायलाही तयार नसायची. सोबत घरातली म्हातारी होती, गंगाबाई. तिचा आवाज वॉर्डातून आमच्या लॅबपर्यंत यायचा.

"ही पोरीला खाऊच घालीत न्हाई वो. पहिली पोरगीबी अशीच घालवली हिनं. पोरगाच तेवढा पोसला."

कारण या मुलीच्या आधी एक मुलगी होती, ती दीड वर्षाची होऊन गेली. तीही अशीच, हगवणीनं. मधला मुलगा मात्र ठणठणीत. गावानं दोन आणि दोन चार केले: पोरी नको होत्या म्हणून आईनं उपाशी मारल्या. पहिलीच्या वेळी कुठल्याशा दवाखान्यानं कागदावर 'कुपोषण, मातेचे आहाराकडे दुर्लक्ष' असं लिहून दिलं होतं. तो कागद सावित्राच्या पिशवीत होता. फाइल मागितली की ती तो सगळ्यात वर ठेवून द्यायची आणि खाली बघायची.

लेकरांच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांना हे कुपोषण वाटेना. त्या आमच्या सरांकडं आल्या. सर म्हणजे लॅबचे प्रमुख. माणूस हुशार, तेच तर दुखणं. मॅडम म्हणाल्या, "सर, आवरणाऱ्या पेशींचा आजार असेल का?" सर म्हणाले, "तो आजार मुलग्यांना होतो. आईकडून मुलाकडं जातो. ही मुलगी आहे, आणि मुलगा ठणठणीत आहे. विषय संपला." मॅडम म्हणाल्या, "तरी एकदा पेशी बघू द्या." सरांनी मान हलवली. "पंचशीलाबाई, लावून टाका."

आता माझी चूक सांगते. लपवणार नाही.

फ्लोवर रुग्णाचं रक्त कधी एकटं लावत नाहीत. शेजारी एका निरोगी माणसाचं लावतात, त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. आमच्या लॅबची रीत अशी की जो हाताशी असेल त्याचं रक्त घ्यायचं, आणि हाताशी बहुतेक मीच असायची. माझ्या रक्ताचे एवढे आलेख त्या मशीनमध्ये आहेत की माझ्या पेशी मला नातेवाइकांसारख्या ओळखीच्या झाल्यात. पण त्या आठवड्यात मी चिकनगुनियातून उठले होते. तीन दिवस रजेवर होते, सांधे अजून धरलेले. तापातून उठलेल्या माणसाचं रक्त कंट्रोलला चालत नाही, पेशी खवळलेल्या असतात. माझी सहकारी गावी गेलेली. आणि समोर सावित्रा उभी, लेकराचं रक्त काढून झालं म्हणून डोळे पुसत. तिनंच बाही वर केली.

"माजं घ्या की ताई. म्या धडधाकट हाय."

मी घेतलं. घाईत घेतलं. आई-बापाचं रक्त कंट्रोलला लावू नये, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं. मीच लॅबमधल्या नव्या पोरींना शिकवत आले होते. आणि मीच लावलं.

मशीनवर आलेख आला. अंकिताच्या पेशींवर बाकीच्या खुणा होत्या, पंचवीस नंबरची खूण शून्य. कमी नाही, शून्य. आणि शेजारी तिच्या आईचा पंचवीसचा रंगही फिका. जेवढा दिसायला हवा त्याच्या निम्मा.

सरांनी दोन्ही आलेख पाहिले आणि चष्मा काढला. "बाई, बाटली खराब झालीय. लेकराचा रंग नाही, आईचाही फिका. निरोगी माणसातच रंग चमकत नाही, तर दोष रंगाचा."

"सर, रंग चांगला आहे. मागच्याच आठवड्यात उघडलाय."

"मागच्या आठवड्यात लाइट किती वेळा गेली? फ्रिजच्या तापमानाचं रजिस्टर आणा."

आणलं. माझ्या रजेचे तीन दिवस कोरे होते. कुणी तापमान लिहिलंच नव्हतं. सरांनी त्या कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवलं. माकडाच्या हातात कोलीत दिलं असं म्हणणार नाही, ते माझे सर आहेत. पण कोलीत मीच दिलं होतं.

"रंग चांगला आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?" त्यांनी विचारलं.

"हाताला कळतं सर."

"मग 'बाईंच्या हाताला कळतं' असं रिपोर्टवर लिहू?"

त्यांचं बरोबर होतं, हाताला कळतं हा काही पुरावा नाही. तासाभरात मेमो आला: माझ्या निष्काळजीपणामुळं रंग फ्रिजबाहेर राहिला, हे दोन दिवसांत लेखी कबूल करावं, नाहीतर कारवाई. रिपोर्टवर लिहिलं गेलं, 'तांत्रिक बिघाडामुळे तपासणी ग्राह्य नाही.' आणि दुसऱ्या दिवशी अंकिताला घरी सोडायचं ठरलं. पोषण आहार द्या म्हणून. म्हणजे दुसरी पोरगीही त्याच कागदावर जाणार होती, आणि सावित्राला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

संताप संताप झाला माझा. मेमोचा झाला तो झालाच, पण त्याहून जास्त त्या पोषण आहाराचा. त्या बाईनं वाटीत कालवलेला भात मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. लेकरू एक घास घ्यायचं, दुसरा ओकायचं, आणि ही परत कालवायची. दिवसभर. ती उपाशी ठेवणारी?

मी मेमो टेबलावर पालथा ठेवला आणि अंकिताची ट्यूब उजेडात धरली. तळाशी थोडं रक्त उरलं होतं. चोवीस तासांच्या आत लावलं तर चालतं. एकदाच लावता येईल एवढंच होतं. आईच्या ट्यूबमध्येही शिल्लक होतं. मला हवे होते नवे कंट्रोल, या घराशी रक्ताचा संबंध नसलेले. मी कॅन्टीनमध्ये गेले. कौसरबी पोळ्या लाटत होती.

"कौसरबी, हात दे."

"क्या हुआ बाजी? पीठ लागलंय हाताला."

"धुऊन दे. लेकराच्या जिवाचा सवाल आहे."

तिनं लाटणं ठेवलं. तिच्यामागं गेटवरचे वॉचमन काका आले, आणि सरांचा ड्रायव्हरही आला. ड्रायव्हर म्हणाला, "सरांना कळालं तर?" मी म्हटलं, "कळू दे. रक्त तुझं आहे, सरांचं नाही." तोही बसला मुकाट्यानं.

तीच बाटली. तोच रंग. तोच फ्रिज. मी पाचही जणांचं एका रांगेत लावलं आणि मशीनपुढं बसले. कौसरबी लख्ख. वॉचमन काका लख्ख. ड्रायव्हर लख्ख. सावित्रा निम्मी. अंकिता शून्य.

बाटली खराब असती तर कौसरबीवर चमकली कशी असती? पण खरं सांगते, मी त्या शून्याकडं बघतच नव्हते. मी सावित्राच्या त्या निम्म्याकडं बघत होते. सकाळपासून ज्याला सगळे बिघाड म्हणत होते, ते उत्तर होतं. प्रत्येक खुणेची कृती आपल्याकडं दोन प्रतींत असते, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत खोटी निघाली तरी माणूस धडधाकट राहतो, खूण निम्मी असते एवढंच. दोन्ही खोट्या निघाल्या तर शून्य. आणि हा दोष मुलगा-मुलगी बघत नाही. अशी दुर्मिळ खोटी प्रत नवराबायको दोघांकडंही कशी असेल? मी तशीच जिना उतरून वॉर्डात गेले.

"सावित्रा, लग्न नात्यातलं का गं?"

"हाव ताई. मामालाच दिलंय मला."

"सख्ख्या मामाला?"

"सख्ख्या. आमच्याकडं करत्यात की."

"मग ह्या गंगाबाई तुझ्या…"

"माज्या आईची आई. अन् सासूबी तीच."

आमच्या मराठवाड्यात, सीमेकडच्या भागात तर जास्तच, मामाला भाची देणं नवं नाही. पोरगी ओळखीच्या घरात पडते, आजीच्या हाताखाली नांदते, म्हणून देतात. त्याच्यावर भाषण द्यायला मी हा लेख लिहीत नाही. पण मला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. एकच खोटी प्रत दोन वाटांनी फिरून या लेकरात एकत्र आली होती. मी तिच्या नवऱ्याला, हणमंतला, बोलावून घेतलं. त्याचं रक्त लावलं. निम्मं.

सरांच्या टेबलावर मी सहा आलेख मांडले. पत्ते मांडावे तसे. म्हटलं, "सर, चूक झालीय माझी. आईला कंट्रोल लावलं ही माझी चूक, आणि ती मी लेखी देते, तुम्ही न मागता. पण रंग खराब झाला असं मी लिहून देणार नाही. मेले तरी देणार नाही."

सरांनी आलेख बराच वेळ पाहिले. ड्रायव्हरचं नाव वाचून भुवया वर गेल्या. मग म्हणाले, "खूण नाही हे दिसलं. निरोप आत पोचत नाही हे दाखवलंत का?"

हुशार माणूस म्हटलं ना! सुटका नाही. त्याचीही तपासणी असते. जिवंत पेशींना आयएल-टूचा निरोप बाहेरून द्यायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, आणि पेशीच्या आत त्याची खबर पोचली का ते दुसऱ्या एका रंगानं बघायचं. त्यासाठी ताजं रक्त हवं. त्या लेकराच्या हाताला शीर उरली नव्हती. मी सावित्राला सरळ विचारलं, लपवलं नाही: "परत टोचावं लागंल. मिळेल याची खात्री मी देत नाही." तिनं अंकिताला मांडीवर घेतलं, तिचा पाय माझ्यापुढं केला आणि म्हणाली, "टोचा. पण खरं काय ते सांगा."

या वेळी सर माझ्यामागं उभे राहिले. कौसरबीच्या पेशींना निरोप दिला, खबर आत पोचली. अंकिताच्या पेशींना दिला, काही नाही. मग तिच्याच पेशींना दुसऱ्या जातीचा निरोप दिला, जो पंचवीसच्या खुणेवाचून आत जातो. तो पोचला. म्हणजे पेशी जिवंत होत्या, ऐकायला तयार होत्या. फक्त हा एक निरोप त्यांना पकडता येत नव्हता.

सर "हं" म्हणाले. मग फोन उचलून मॅडमना म्हणाले, "ते डिस्चार्जचं थांबवा." आणि मला, "बाई, मेमोचं राहू द्या आता."

"राहू द्या नाही सर. लेखी मागं घ्या."

घेतला. दीड ओळीत घेतला. माफी वगैरे काही नाही. मीही माझ्या चुकीचा कागद दिला, पूर्ण एक पान. आता नोकरीतल्या पोरी मला विचारतात, ताई, एवढं कशाला लिहून दिलंत? अगं, माझी चूक मी नाही लिहिली तर दुसरं कुणी माझ्या नावावर हवी ती चूक लिहील.

बाहेरून जनुकाचा रिपोर्ट आला, त्यातही तेच निघालं. लढणाऱ्या पेशींना दाबणारं औषध सुरू झालं. महिन्याभरात संडास आवरली, चट्टे उतरले, आणि सावित्राच्या वाटीतला भात लेकराच्या अंगी लागायला लागला. पुढं हैदराबादला नेऊन भावाचा बोनमॅरो, म्हणजे रक्त बनवणारा हाडातला मगज, घातला. भावाकडं एक प्रत खोटी असली तरी एक खरी होती, आणि तेवढी पुरते. फार वाईट दिवस काढले त्यांनी तिथं. पण वाचली. आता शाळेत जाते आणि कुणाला बोलू देत नाही म्हणे.

हैदराबादला जायच्या आधी एक दिवस मात्र असा आला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. भावाचं रक्त जुळतं का बघायला सगळं घर लॅबमध्ये आलं होतं. गंगाबाईची काही गरज नव्हती, पण तिनं स्वतःहून पदर खोचला. "माजंबी घ्या. कोनात खोट हाय ते कळू द्या एकदाचं." तिची खात्री होती, खोट सावित्राच्या बापाच्या घरून आलेली.

मी घेतलं. लावलं. निम्मं.

खरं लिहिते, त्या क्षणी मला आनंद झाला. वाईट आनंद. वॉर्डाच्या दारात उभं राहून हिनं त्या पोरीला कसं सोललं होतं ते मी ऐकलं होतं. वाटलं, तसंच दारात उभं राहून मोठ्यानं सांगावं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. जिभेवर आलं होतं. पण आत गेले तर म्हातारी स्टुलावर बसलेली, आणि माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं होतं.

"माज्याकडून हाय व्हय?"

"हो आजी. तुमच्याकडून तुमच्या लेकाला आणि लेकीला, आणि लेकीकडून सावित्राला."

"मग दोन्ही पोरी…"

मी म्हटलं, "पहिलीचं रक्त कुणी ठेवलं नाही, तेव्हा तिचं शपथेवर सांगता येत नाही. पण हे असंच असणार. आणि या आजारात लेकराला अमृत पाजलं तरी अंगी लागत नाही."

सावित्रा भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं ती आता म्हातारीवर तुटून पडेल. तिला तो हक्क होता. ती म्हणाली, "ताई, मला कागद पायजे. पहिलीच्या कागदावर आईचं दुर्लक्ष म्हनून लिवलंय. तो समद्या गावानं वाचलाय. आता दुसराबी वाचू द्या."

मी दवाखान्याचं लेटरहेड ओढलं. सर दारात आले. "पंचशीलाबाई, हे लिहिण्याचा तुम्हाला अधिकार नाही."

"माहीत आहे सर. तुम्हाला आहे. तुम्ही लिहिता?"

"पहिल्या मुलीचा पुरावा नाही," सर म्हणाले, आणि गेले. पुरावा नव्हताच. म्हणून मी तेवढंच लिहिलं जेवढं छातीवर हात ठेवून सांगता येतं: अंकिताला हा आजार जन्मतः आहे, तो दोन्ही बाजूंनी आला आहे, आधीच्या मुलीलाही असण्याचा दाट संभव आहे, या आजाराचं लेकरू कितीही खाऊ घातलं तरी वाळत जातं, आणि आईनं खाऊ घालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. खाली 'आईचा दोष नाही' असं ठळक लिहिलं आणि सही केली.

सावित्रानं वाचलं. म्हणाली, "आजीचंबी लिवा. तिचाबी दोष न्हाई म्हनून. मला म्हनले तसं उद्या तिला कुनी म्हनू नये."

मी लिहिलं.

गंगाबाई म्हणाली, "वाच." सावित्रानं वाचून दाखवलं. "परत वाच." परत वाचलं. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि टेबलापाशी आली.

"अंगठा कुठं लावू?"

"आजी, यात तुमचा अंगठा लागत नाही."

"लागतो. गावात म्याच बोंबलले व्हते."

मी स्टँपपॅड पुढं केलं. तिनं माझ्या सहीखाली अंगठा दाबला, उचलला, परत शाईत बुडवला.

"दोनदा लावते," ती म्हणाली. "पोरी दोन व्हत्या."